कात्री, खळ आणि रद्दीचा रस्ता

पुण्याहून निघालेली लोकल कामशेत सोडून पुढे सरकली की लोणावळ्याआधी मळवली लागते. कार्ले, भाजे, लोहगड, विसापूर करणारी मंडळी इथे उतरून आपापल्या वाटेला लागतात. देशातला एक अत्यंत नावाजलेला चित्रछापखाना एकेकाळी इथे होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले, इतरही अडचणी आल्या, आणि १८९९ साली यंत्रे घाट चढून मळवलीला आली. काही वर्षांतच कारखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. देवदेवतांची चित्रे, कॅलेंडरे, मालावरची लेबले तिथून निघत राहिली. १९७२ साली लागलेल्या आगीत त्या कारखान्याचा बराच ठेवा गेला. याच पट्ट्यात, लोणावळ्याला, दादासाहेब फाळक्यांनी १९०८ साली स्वतःचे ब्लॉक करण्याचे आणि छपाईचे काम सुरू केले. सिनेमा त्यांच्या आयुष्यात यायला अजून अवकाश होता. म्हणजे छापील रंगीत कागद घरोघर पोचवण्याच्या कामात मावळाचा वाटा जुना आहे. पण या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते तो कागद घरात पोचल्यावर काय झाले हे. लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील साडीवर खरी जर, खरे कापड आणि टिकल्या चढवलेल्या प्रती आज संग्राहकांकडे सापडतात. नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी छापील विलायती देखावे कापून त्यांच्यापुढे कृष्ण उभा केला. ब्राक आणि पिकासो यांनी १९१२ साली कागदाचे तुकडे चित्रात चिकटवले, ही घटना कलेच्या प्रत्येक इतिहासात असते. आपल्याकडची कातरकामे बराच काळ त्या इतिहासाबाहेरच राहिली, कारण ती देवघरासाठी केलेली होती.

तेव्हा जुन्या मासिकांतून काही घडवणे हा बाहेरून आलेला नवा छंद नाही. नवे आहे ते त्याच्याभोवतीचे घोषवाक्य. शाळेच्या हस्तकलेच्या तासाला, महिला मंडळाच्या स्पर्धेत, दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरात एकच ध्येय सांगितले जाते: टाकाऊतून टिकाऊ. त्यातल्या पहिल्या भागाशी माझे भांडण नाही, दुसऱ्याशी आहे. कागदाची वस्तू टिकाऊ करण्याच्या हट्टापायी तिच्यावर फेव्हिकॉलचे थर, वॉर्निश, चमकी आणि हल्ली रेझिन चढते. वस्तू चार वर्षे जास्त राहते खरी, पण ती फेकायची वेळ आली की रद्दीवाला तिला हात लावत नाही. कागद म्हणून तिचे आयुष्य कायमचे संपते आणि ती कचराकुंडीत जाते. चांगल्या कागदकामाची कसोटी मला वेगळी वाटते. छापील कागदात जे आहे आणि दुसऱ्या कशात नाही, त्याचा उपयोग त्या वस्तूत झालेला असावा. आणि काम संपल्यावर ती वस्तू उकलून पुन्हा रद्दीत घालता यावी. जुनी गोधडी उसवली की तिच्या चिंध्या पुन्हा चिंध्या म्हणून वापरता येतात, तेवढी सोय कागदाच्या वस्तूत असली की पुरे.

यासाठी आधी कागद ओळखावा लागतो, आणि नेमके हेच पाऊल हस्तकलेची पुस्तके गाळतात. वर्तमानपत्राचा कागद मुख्यतः लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात लाकडातले लिग्निन राहून जाते, म्हणून तो उन्हात ठेवला की थोड्याच दिवसांत पिवळा पडतो आणि वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतो. त्याचे वजन चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास. हलका, मऊ, पाणी चटकन पिणारा. मासिकाचा चकचकीत कागद वेगळ्या जातीचा. त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या मातीचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो आणि काही कागदांत वजनाचा तिसरा हिस्सा हे खनिजच असते. रंग उठून दिसतात ते या लेपामुळे, आणि घडी घातली की पांढरी रेघ उमटते तीही त्याच्यामुळेच. शिवाय प्रत्येक यंत्रनिर्मित कागदाला दिशा असते. लगदा यंत्रावर ज्या दिशेने धावतो त्या दिशेला बहुतेक तंतू वळतात. वर्तमानपत्र उभे फाडून पाहा आणि मग आडवे; एका बाजूने पट्टी सरळ निघते, दुसऱ्या बाजूने फाटत वाकडी जाते. सरळ निघते ती तंतूंची दिशा. घडी त्या दिशेने घातली तर नीट बसते, विरुद्ध घातली तर लेप तडकतो. मासिकाच्या पानाचे मणी करायला लांब निमुळती पट्टी सुईभोवती गुंडाळतात. तिथे तंतू पट्टीच्या रुंदीला समांतर असले तर मणी घट्ट आणि गोल होतो, नाहीतर तो उलगडायला बघतो आणि मग दोष डिंकाला दिला जातो. मुलांना एवढे एक कळले तरी हस्तकलेच्या तासात थोडे विज्ञान शिकवल्यासारखे होईल.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. रद्दीवाला दारात येतो, किलोवर पैसे देतो, कागद कारखान्यात जातो आणि पुन्हा कागद होतो. मग त्याच्या टोपल्या आणि फुलदाण्या करत बसण्यात पर्यावरणाचे काय साधले? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या कागदातला तंतू दर फेरीत आखूड होत जातो आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर निकामी होतो, पण तोवर तो खरोखर उपयोगी असतो. त्यातही मासिकाच्या कागदाला कारखान्यात खास मान आहे. छापील कागदावरची शाई काढताना लगद्यात हवेचे बुडबुडे सोडतात; शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि फेस काढून टाकला जातो. या कामात मासिकाच्या लेपातली माती मदत करते, म्हणून अनेक कारखाने वर्तमानपत्रांच्या रद्दीत मासिकांची रद्दी मुद्दाम मिसळतात. म्हणजे तुमच्या घरातला स्वच्छ, कोरडा दिवाळी अंक ही कुणाला तरी हवी असलेली वस्तू आहे, आणि तिच्यावर रेझिन ओतणे हे तिचे नुकसानच आहे. इथवर आक्षेप मला पूर्ण मान्य. पुढे मात्र तो अडखळतो. घडी, दोरा आणि पिठाची खळ यांवर उभी असलेली वस्तू रद्दीचा रस्ता बंद करत नाही, फक्त रद्दीला उशीर करते. आणि हिशेब किती कागद वापरला याचा करायचाच नाही. घरातल्या वर्षाच्या रद्दीपैकी कातरकामात मूठभरच जाणार. कागदकामाने कचऱ्याचा प्रश्न सुटतो असे सांगणारे फसवतात. हिशेब करायचा तो काय विकत घेतले नाही याचा. वाढदिवसाच्या भेटीवर गुंडाळायला आणलेला चंदेरी कागद बहुतेकदा प्लॅस्टिकचा किंवा प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो आणि दहा मिनिटांनी फाटून कचऱ्यात जातो. त्याच्या जागी मासिकातले पानभर छायाचित्र गुंडाळले, वर सुती दोरा बांधला, तर न आणलेल्या त्या कागदाइतका फायदा नक्की झाला.

या कसोटीवर काही जुन्या सवयी फार चांगल्या उतरतात. वह्या-पुस्तकांना मासिकाच्या पानांची कव्हरे घालणे ही त्यांतली पहिली. सोव्हिएत लँड नावाचे जाड गुळगुळीत मासिक अत्यल्प वर्गणीत मिळत असे आणि देशभरच्या कित्येक पिढ्यांनी त्याचे ट्रॅक्टर, धरणे आणि हसरे कामगार आपल्या गणिताच्या पुस्तकावर वागवले. त्यात डिंकाचा थेंब लागत नसे. चार घड्या आणि दोन खाचा. पाकिटे तशीच होतात. टपालाने आलेले एखादे पाकीट वाफेवर उकलून पसरले की तोच साचा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत पूर्वी विज्ञान खेळण्यांचे केंद्र सांभाळणारे अरविंद गुप्ता यांनी वर्तमानपत्राच्या टोप्यांपासून उडत्या-फिरत्या खेळण्यांपर्यंत जे शेकडो प्रकार लोकांपुढे ठेवले, त्यांतली अनेक केवळ घडीवर उभी आहेत. खेळून झाले की ती पुन्हा वर्तमानपत्र. मासिकाच्या पानांच्या नळ्या करून टोपली विणणे थोडे कष्टाचे आहे, पण तिथे बुरुडांची विद्या जशीच्या तशी कामाला येते: उभ्या काड्या विषम ठेवायच्या, आडवी वीण एकीआड एक घालायची, आणि काठ वळवून आत खोचायचा. डिंक लागतो तो फक्त नळीचे टोक बसवायला. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांबरोबर सजावटीचे थर्माकोलही बंद झाले, तेव्हापासून गणपतीच्या मखरात पुठ्ठा आणि कागद पुन्हा आले. खाचेत खाच अडकवून उभे केलेले घडीचे मखर विसर्जनानंतर सपाट करून माळ्यावर ठेवता येते. लोणावळ्यात पुठ्ठ्याला तोटा नाही; चिक्कीची रिकामी खोकी घरोघर साठतात आणि छोट्या वहीच्या पुठ्ठ्यासाठी ती अगदी मापात असतात.

छापील कागदाकडे रंग म्हणून पाहणे हा मात्र याहून वरच्या दर्जाचा उद्योग आहे. इंग्लंडमधल्या मेरी डेलनी यांनी १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुले रचायला घेतली. पुढच्या दहा वर्षांत जवळपास हजार वनस्पती तयार झाल्या आणि त्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वनस्पती ओळखता येतील इतक्या त्या नेमक्या आहेत. मावळात पावसाळा उतरता उतरता पठारांवर सोनकी पिवळी होते, तेरडा गुलाबी होतो, सात वर्षांनी एकदा कारवी जांभळी होते. या फुलांचे रंग एका जुन्या मासिकाच्या जाहिरातींत सापडतात. हिरवा शोधायला निघालेल्या मुलाला ट्रॅक्टरच्या जाहिरातीतला हिरवा, साबणाच्या वेष्टनातला हिरवा आणि पर्यटनाच्या पानावरचा हिरवा हे तीन वेगळे असल्याचे कळते. पानाच्या उजळ बाजूला कुठला आणि सावलीत कुठला याचा निर्णय त्याला करावा लागतो. रंगपेटी हा निर्णय आधीच करून ठेवते. छापील कागदात आहे आणि दुसऱ्या कशात नाही असे मी वर म्हटले, ते हे. छायाचित्र दिसेल तसे कापून चिकटवण्यात यातले काही घडत नाही. बाजारू कोलाजे म्हणूनच एकमेकांसारखी दिसतात.

चिकटवायचे कशाने, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. फेव्हिकॉल १९५९ साली आले आणि त्याने घरातून खळ हद्दपार केली. खळ म्हणजे कणकेची, मैद्याची किंवा चिंचोक्याच्या पिठाची शिजवलेली पेज. ती पाण्याने सुटते आणि रद्दीच्या कारखान्यात सहज धुतली जाते. कृत्रिम चिकटद्रव्यांचे गोळे लगद्यात राहिले तर नव्या कागदाला भोके आणि डाग पडतात, ही कारखान्यांची जुनी तक्रार आहे. खळीला दोष नाहीत असे नाही. तिला बुरशी येते, आणि कसर तर पिठासाठीच कागद खाते. बाइंडर लोक म्हणून खळीत मोरचूद घालत आले आहेत. पण मोरचूद विषारी आहे, मुले हाताळणार असतील तिथे ते नको. ताजी खळ थोडी करावी, पातळ लावावी, दाबून पूर्ण वाळवावी, एवढे केले तर घरगुती वस्तूला ती पुरते.

यावर लोणावळ्याचा माणूस हसेल, आणि त्याचे हसणे हा दुसरा आक्षेप समजावा. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. भिंती ओल धरतात, कपाटातले कपडे आंबूस होतात. अशा हवेत खळीने चिकटवलेले, वॉर्निश न लावलेले काही टिकेल कसे? उत्तर असे की नाही टिकणार, आणि इथे ते टिकवण्याचा खटाटोपही करू नये. ओल तर वॉर्निशखालीही शिरते, फक्त बाहेर पडायला तिला जास्त वेळ लागतो. कागदकामाचा हंगाम दिवाळी ते होळी. नव्या दिवाळी अंकांनी जुने हलवायला भाग पाडलेले असते, हवा कोरडी असते, खळ एका दिवसात वाळते. चकचकीत मासिकांचा ढीग तर पावसाळ्याआधी हातावेगळा करायलाच हवा. लेपाचा कागद एकदा भिजून दाबाखाली वाळला की पान पानाला कायमचे चिकटते. ढिगाची वीट होते, तिची पाने कातरकामाला सुटत नाहीत आणि रद्दीतही तिला भाव येत नाही. तळेगावच्या बाजूला पाऊस पुष्कळ कमी, तिथे ही घाई नाही. एकाच तालुक्यात दोन टोकांना दोन वेगळे सल्ले द्यावे लागतात, आणि मुंबईत किंवा परदेशात छापलेल्या हस्तकलेच्या पुस्तकात हे नसते.

कागदाच्या लगद्याबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण तिथे चांगल्या हेतूने मोठी गफलत झाली आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसला पर्याय म्हणून महाराष्ट्र शासनाने २०११ साली कागदाच्या लगद्याच्या गणेशमूर्तींना उत्तेजन दिले. २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. कागद नैसर्गिक, म्हणून तो पाण्यात विरला की प्रश्न मिटला, असे लोक धरून चालले होते. प्रत्यक्षात लगदा विरतो म्हणजे त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात पसरतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, आणि छपाईच्या शाईत जे असेल ते पाण्यात सोडतात. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, पवना मावळातूनच वाहते. इथला लगदा खालच्या सगळ्या गावांच्या पाण्यात जातो. लगद्याचे मुखवटे, बाहुल्या, वाडगे खुशाल करावेत, घरात ठेवावेत, शेवटी रद्दीत घालावेत. नदीत घालायची मूर्ती मातीची बरी, आणि तीही न रंगवलेली. खाद्यपदार्थांचे तर सरळच आहे. छापील कागदात भेळ, भजी, वडा बांधू नये असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासून बजावले आहे आणि पुढे वेष्टनांच्या नियमांतही घातले आहे. शाई तेलात उतरते; मासिकाच्या पानांचे द्रोण कितीही देखणे झाले तरी ते कोरड्या फुलांसाठी ठेवावेत.

तिसरा आक्षेप कागदावर प्रेम असलेल्यांचा आहे आणि तो मला सर्वांत बोचतो. मासिक कापणे म्हणजे दस्तऐवज नष्ट करणे. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची, त्या काळातले किती अंक आज कुणाच्या घरात अखंड असतील? ‘आवाज’च्या अंकांतली प्रसिद्ध खिडकीचित्रे पाहा: पानाला कापलेली झडप उघडली की खालच्या पानावरचे चित्र वरच्याचा अर्थ फिरवते. अंकच कात्रीने घडवलेला; त्यातले एक पान कापले तर दोन्ही बाजूंचा विनोद मरतो. पण हा आक्षेप सगळ्या छापील कागदाला सारखा लागू करता येत नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकांच्या, आणि दोन वर्षांनी झालेल्या दुरुस्तीनंतर नियतकालिकांच्याही, प्रती देशातल्या ठरावीक मोठ्या ग्रंथालयांत पाठवायच्या असतात. लाखोंच्या खपाच्या साप्ताहिकाची प्रत कुठे ना कुठे राहणार हे धरायला हरकत नाही, आणि त्याच्या जाहिरातींच्या पानांना कात्री लावण्यात पाप नाही. धोका आहे तो लहान, स्थानिक छपाईला. कैवल्यधामने १९२४ साली लोणावळ्यातून ‘योगमीमांसा’ सुरू केले. असे नियतकालिक ग्रंथालयांत जपले जाते. पण गावच्या शाळेची स्मरणिका, पतसंस्थेचा अहवाल, जत्रेची पत्रिका, दुकानाचे कॅलेंडर, चिक्कीच्या डब्यावरचे जुने लेबल यांच्यासाठी कोणी कायदा केलेला नाही. मळवलीच्या छापखान्याची लेबले आणि कॅलेंडरेही त्यांच्या काळात अशीच क्षुल्लक समजली जात होती. आज अभ्यासक ती शोधत हिंडतात.

म्हणून कात्रणवहीला मी या सगळ्या प्रकारांत वरचे स्थान देतो. ती कागद वापरते आणि त्यावरचा मजकूरही वाचवते. एखाद्या घरातली पावसाच्या बातम्यांची, घाटातल्या रेल्वेच्या अडचणींची किंवा एकाच गडाबद्दलच्या लेखांची वही वीस वर्षांनी ग्रंथालयात जे मिळत नाही ते एका जागी देते. मात्र तिथेही शिस्त लागते. कात्रणावर नियतकालिकाचे नाव आणि तारीख नसेल तर ते निनावी होते आणि पुढे कुणाच्या कामाचे राहत नाही. चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा नोंद खालच्या पानावर करावी. मार्क ट्वेनने १८७३ साली आधीच डिंक लावलेल्या पानांच्या कात्रणवहीचे पेटंट घेतले होते, यावरून हा नाद किती जणांना होता ते कळते. पण डिंकाने सगळे पान चिकटवणे ही चूकच. वरच्या कडेला खळीची एक बारीक रेघ पुरे, म्हणजे मागची बाजू वाचता येते आणि कात्रण सोडवताही येते. आणि ज्या अंकाची दुसरी प्रत कुठे असेल याची खात्री नाही, त्याला कात्री लावूच नये. झेरॉक्स काढावी आणि तिला लावावी. झेरॉक्सचा कागद रासायनिक लगद्याचा असल्यामुळे वर्तमानपत्रापेक्षा पुष्कळ जास्त काळ पांढरा राहतो, म्हणजे कात्रणवहीच्या दृष्टीने नक्कलच असलापेक्षा सरस ठरते. फक्त ती पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीत घालू नये. उन्हाळ्यात झेरॉक्सची काळी पूड सुटून त्या प्लॅस्टिकला चिकटते आणि अक्षरे पिशवीवर जातात.